सैन्यातल्या भावाला चारचौघांत बोलायची भीती वाटते. डॉक्टरला दाखवलं तर नोकरी जाईल का?

भाऊ सुट्टीवर आला की लग्नकार्य टाळतो, पलटणीत क्लास घ्यायचा म्हटलं की त्याला घाम फुटतो, असं तुम्ही लिहिलंय. वाचून राहवलं नाही. मी 17 वर्षं नोकरी करून शिपाई म्हणूनच पेन्शनला आलो, ते याच पायी.

लोकांना वाटतं, फौजी घाबरला म्हणजे गोळीबाराचा धसका घेतला असणार. छे. बर्फातल्या पोस्टवर रात्री दोन ते चार एकट्याने संतरी दिलीय, कधी काही वाटलं नाही. वीस माणसं माझ्याकडे बघत बसली की मात्र संपलं. नायकाच्या कॅडरला, म्हणजे बढतीच्या कोर्सला, इन्सास रायफल मी डोळ्यांवर पट्टी बांधून खोलायचो-जोडायचो. पण क्लास घ्यायचा तो हिंदीतून, ठरल्या क्रमाने. आधी 'शुरू-शुरू का काम', मग 'पहुँच', मग 'उद्देश्य'. पहिलं कसंबसं उरकलं. 'पहुँच' म्हणालो आणि पाटी कोरी. हातातली छडी अशी थरथरत होती की तिचं टोक ताडपत्रीवरच्या मॅगझिनवर टकटक वाजत होतं. मागून एक जण म्हणाला, "उस्ताद, पहुँच गए क्या?" सगळे हसले. पुढची सहा वर्षं लंगरच्या रांगेत माझं नाव 'पहुँच'. कॅडरला पुन्हा नाव आलं तेव्हा सरळ अनविलिंग, म्हणजे 'इच्छा नाही', असं लिहून दिलं.

एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, जावंसं तेव्हाही वाटलं होतं. अण्णांनी फोनवर अडवलं. ते स्वतः सुभेदार होऊन आलेले. "शेपमधला एस उतरला की वेड्याचा शिक्का बसतो. गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही." मी ऐकलं, तेच चुकलं. शेप म्हणजे फौजेतली तब्येतीची कॅटेगरी, त्यातला एस मनाचा. कान गेला तर एच उतरतो, पाय गेला तर ए, त्याची लाज कोणाला वाटत नाही. मग एसचीच का? कॅटेगरी उतरली म्हणजे लगेच घरी पाठवतात असं नाही. तात्पुरती असली तर बोर्ड पुन्हा तपासतो, सुधारणा दिसली की वरही जाते. प्रमोशनला, पोस्टिंगला अडचण येते, हे खरं. पण न दाखवून माझं कुठे प्रमोशन झालं?

आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे. सैन्यदलांसाठी त्याचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 मध्ये पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, सुरू झाला. मी काही डॉक्टर नाही, सुटूनही दहा वर्षं झाली, तेव्हा आताचे नियम त्याला आरएमओला, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरलाच, विचारू द्या. आणि घरात कोणी जुना फौजी असेल तर त्याला यात घेऊच नका.

गेल्या दिवाळीत पुतणीला बघायला पाहुणे आले होते. अण्णांनी सांगितलं, "हा नायक होऊन आला." मी म्हणालो, "नाही, शिपाई." अण्णा जेवण होईस्तोवर माझ्याकडे बघत नव्हते.