हवेतून पाणी काढणारं मशीन दुष्काळी गावात घ्यावं का?

तुमचं गाव सोलापूरकडचं, एप्रिल-मेमध्ये टँकर, आणि वर्गणी काढून हे मशीन घ्यावं का, असा प्रश्न आहे. मी एसी-फ्रीज दुरुस्ती करतो, म्हणून आधी मशीनचं सांगतो.

आतून तो एसीच. थंड कॉइलवर हवा ओढायची, बाष्पाचं पाणी होतं, ते गाळायचं. जुलैत मुंबईत एसीच्या ड्रेन पाइपखाली बादली ठेवा, भरत जाते. तोच एसी मेच्या भर दुपारी तुमच्याकडे चालवा, पाइप ठणठणीत कोरडा. 40 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता धरली, तर एका घनमीटर हवेत जेमतेम 7-8 ग्रॅम पाणी असतं आणि कॉइल साधारण 8 अंशांखाली गेल्याशिवाय त्यातला थेंबही सुटत नाही. टँकर लागतो नेमका तेव्हाच मशीन आटतं. बिल मात्र येतंच. जाहिरातीतले लिटर बहुतेकदा 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेचे असतात. विकणाऱ्याकडून 40 अंश, 15 टक्क्यांचा आकडा लेखी मागा. गडी गप्प बसेल.

मग वाळवंटात कसं जमतं? चिलीतल्या चुंगुंगो गावाला 1992 पासून काही वर्षं असं पाणी मिळालं, पण ते धुक्याचं. समुद्रावरून येणारं दाट धुकं वरच्या डोंगरावर अडवायला सुमारे 100 जाळ्या उभ्या केल्या, एकेक 12 बाय 4 मीटरची. जाळी म्हणजे आपलं शेडनेटच, दुहेरी. थेंब धाग्यांना चिकटतात, ओघळून पन्हळीत पडतात, तिथून पाइपने गावात. चौरस मीटरला दिवसाकाठी सरासरी 3 लिटर, वीज शून्य. पुढे देखभाल ढिली पडली आणि गाव पुन्हा टँकरवर आलं.

कच्छमध्ये कोठाऱ्याला अहमदाबादच्या आयआयएमचे प्राध्यापक गिरजा शरण यांनी छपरावरचं दव गोळा करून दाखवलं. तिथे समुद्र जवळ. तरी दवाचं गणित चौरस मीटरला रात्रीत अर्धा लिटर म्हणजे डोक्यावरून पाणी. ओमर याघी यांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं (दोघांसोबत), त्यांचे सच्छिद्र पदार्थ कोरड्या हवेतूनही पाणी शोषतात. पण गावाची तहान भागवायला ते अजून बाजारात नाहीत.

वर्गणी जमलीच असेल तर शाळेच्या पत्र्याला पन्हळ आणि खाली टाकी करा. 20 बाय 50 फुटी पत्रा, 500 मिलिमीटर पाऊस, सांडलवंड धरूनही 35,000 लिटर होतात. पहिल्या पावसाचं पाणी तेवढं सोडून द्या, पत्र्यावर कबुतरांची घाण असते.