नजराणा, आहेर की नुसती भेट?

प्रश्न असा आलाय की रेनेसाँसच्या (युरोपातल्या प्रबोधनाच्या) काळात तिथली राज्यं एकमेकांना चित्रं पाठवायची त्याला मराठीत नजराणा म्हणावं का, आणि 'पोप दहाव्या लिओने फ्रान्सच्या राजाला राफाएलच्या चित्रांचा नजराणा दिला' हे वाक्य चालेल का. (राफाएल म्हणजे त्या काळचा इटालियन चित्रकार.)

मला तरी खटकतं. आता नजराणा म्हणजे काहीही भारी, दिवाळी अंकवालेसुद्धा वाचकांना नजराणा देतात, पण दरबारी मराठीत नजराणा खालून वर जातो आणि वरून खाली येते ती खिलत, म्हणजे मानाचा पोशाख. १६७४ ला रायगडावर इंग्रजांचा वकील ऑक्झिंडेन महाराजांसाठी हिऱ्याची अंगठी घेऊन आला, तो नजराणा. पोप कशाला राजाला नजराणा देईल?

बरं, हे १५१८ चं प्रकरण. त्याच साली पोपच्या पुतण्याचं, लोरेन्झो मेदिचीचं, फ्रेंच सरदारघराण्यातल्या मुलीशी लग्न झालं, म्हणजे सोयरीकच, आणि चित्रंही माणसं बघून निवडलेली. राजा फ्रान्सिससाठी सैतानाला पायाखाली दाबणारा सेंट मायकेल, कारण फ्रेंच राजाच्या मानकरी सरदारांच्या मंडळाचा तोच संत, आणि राणी क्लोदसाठी बाळ येशूचं कुटुंब. दोन्ही आज लूव्रमध्ये आहेत. मग आहेर म्हणावं तर पेपरवाल्यांनी 'घरचा आहेर' इतका झिजवलाय की टोमणाच वाटतो.

नजराणा खरा शोभतो व्हेनिसला, म्हणजे इटलीतल्या त्या व्यापारी राज्याला. १४७९ ला तुर्कांशी तह झाला, व्हेनिसने मुलूख सोडला, व्यापाराच्या मोबदल्यात दरसाल १०,००० डुकॅट (सोन्याची नाणी) कबूल केले, आणि सुलतान मेहमदने चांगला चित्रकार मागितला तेव्हा आपल्या नामांकित चित्रकाराला, जेंतिले बेलिनीलाच, इस्तंबूलला धाडलं! १४८० चं मेहमदचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. येताना बेलिनीला सोन्याची साखळी मिळाली, ती मात्र वरून खाली, खिलतीच्या जातीची.

'राजनैतिक भेट' तर नकोच, वाचणाऱ्याला वाटेल कुणीतरी कुणाला भेटायला गेलं. 'लिओने राजा-राणीला राफाएलची दोन चित्रं भेटीदाखल पाठवली' असं सरळ लिहा.