स्टॅनफर्डची कटऑफ किती?

प्रश्न: मुलगी ठाण्यात अकरावी सायन्सला आहे, इंटिग्रेटेड बॅच, म्हणजे कॉलेज नावापुरतं आणि अभ्यास क्लासमध्ये. दहावीला ९६ टक्के, एसएटी या अमेरिकी प्रवेशपरीक्षेत १५२०. तिला अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जायचंय. तिथे किती मार्कांना प्रवेश मिळतो? एजंट म्हणतो, एनजीओचं सर्टिफिकेट जोडलं की काम होईल. ती दोन वर्षं वॉचमनच्या मुलांना गणित शिकवते, ते धरतात का? – एक पालक, ऐरोली

उत्तर: नमस्कार. कटऑफ नाहीच. आपल्याकडे कॅप राउंडची यादी लागली की शेवटचा पर्सेंटाइल दिसतो. तिथे अशी रेघ कुणी ओढत नाही. अलीकडे शंभर अर्जांमागे चारजणही घेतले जात नाहीत आणि १५२० च्या वरचेही पुष्कळ परत पाठवले जातात. ‘कॉमन डेटा सेट’ हा तक्ता विद्यापीठ जाहीर करतं. त्यात प्रवेश घेतलेल्या मुलांच्या एसएटी गुणांचे दोन टोकांचे आकडे असतात. खालचा आकडा पालक पात्रता समजून बसतात, पण त्यांतल्या गुण कळवलेल्यांपैकी साधारण पाव मुलं त्याच्याही खाली असतात. १५२० पुरे. पुन्हा परीक्षेत पैसे घालू नका.

मला काळजी आहे ती इंटिग्रेटेडची. लवकरच्या फेरीचा अर्ज बारावी चालू असतानाच, १ नोव्हेंबरपर्यंत जातो. बोर्डाचा निकाल तेव्हा कुठला? समोर असतात आधीच्या वर्षांच्या मार्कशीट, आणि त्यातली सगळ्यात ताजी अकरावीची. जिला आपल्याकडे कुणी धरतच नाही! ‘अकरावी नुसती काढा’ असं सांगणारे क्लासवाले अमेरिकेच्या अर्जाचा विचार करून बोलत नसतात. शिवाय दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, शक्यतो अकरावी-बारावीला शिकवलेल्यांची. कॉलेजचं पत्र वेगळं. मुलगी फक्त प्रॅक्टिकलपुरती तोंड दाखवत असेल, तर सर लिहिणार काय? ‘हुशार व शिस्तप्रिय.’ असल्या पत्राने काही होत नाही. या आठवड्यात प्राचार्यांना भेटा. पत्र कोण देणार, मार्कशीट ऑनलाइन कोण चढवणार, स्पष्ट विचारा. कित्येक कॉलेजांना ही पद्धतच ठाऊक नसते. आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस तरी तिला खरोखर वर्गात बसू द्या. क्लासमधले सर तिला जास्त ओळखत असतील, तर त्यांचं पत्र जादाचं म्हणून देता येतं, कॉलेजच्या बदली नाही.

एजंटला नमस्कार करा. कॉमन अ‍ॅपमध्ये, म्हणजे अर्जाच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये, उपक्रमांना दहा जागा, प्रत्येकी वर्णनाला १५० अक्षरं. सर्टिफिकेट जोडायला तिथे रकाना नाही. वॉचमनच्या मुलांची शिकवणी मात्र नक्की लिहा. किती मुलं, काय शिकवलं, कुणाचा काय फरक पडला, हे तिने आत्तापासून वहीत टिपावं. निबंधाची सामग्रीही तिथेच सापडेल.

फीबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही. परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली, तर स्टॅनफर्ड प्रवेशाचा निर्णय घेताना ते विचारात घेतं, म्हणजे संधी कमी होऊ शकते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी ते विचारात घेत नाहीत. तेव्हा यादी करण्याआधी घरात पैशांचं बोला. जेईई आणि सीईटीचे फॉर्म भरायचेच.