मुंबईत मोठ्या दैनिकांना पर्याय ठरलेलं साप्ताहिक कोणतं?

रुसी करंजिया यांचं ‘ब्लिट्झ’, दुसरं नाव सुचतच नाही. १९४१ साली निघालेलं हे इंग्रजी टॅब्लॉइड बड्या भांडवलदारांवर थेट तुटून पडायचं. शेवटचं पान लेखक-दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या सदराचं, आणि ते त्यांनी अखेरपर्यंत लिहिलं! १९५९ च्या नानावटी खून खटल्यात तर पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेला, असं सांगतात. मात्र जुने अंक वाचताना एक लक्षात ठेवा: त्या खटल्यात ‘ब्लिट्झ’ने उघडपणे आरोपी नौदल अधिकाऱ्याची बाजू लावून धरली होती, त्यामुळे निव्वळ बातमी म्हणून ते वाचू नका. नव्वदच्या दशकात ते बंद पडलं. मराठीत शोधत असाल तर १९६० चं ‘मार्मिक’ बघा, पण ते व्यंगचित्र साप्ताहिक होतं.