‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरं कुठे गेली?

प्रश्न : माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं. मी पनवेलला राहते. वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत १९५५-५६ सालचा हाताने लिहिलेला सातबारा मिळाला. त्यावर सर्व्हे नंबर ११२, हिस्सा ३, क्षेत्र २ एकर १४ गुंठे आणि आकार ३ रुपये ६ आणे असं आहे. कब्जेदार म्हणून माझ्या आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव आहे आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं आहेत. गावात आता ११२/३ असा नंबरच नाही म्हणतात. चुलतभाऊ म्हणतात, ‘तुमच्या आजोबांचं नाव जमिनीला कधीच नव्हतं.’ तलाठ्यांनी जुनं रेकॉर्ड नसल्याचं तोंडी सांगितलं. जमीन विकायची बोलणी सुरू आहेत असं कळतं. आमचा हिस्सा आहे का, आणि कागद कुठे शोधायचे?

उत्तर : ताई, तुमच्या हातातला कागद तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोलाचा आहे. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी बाप वारला की सगळ्या मुलांची नावं न लावता थोरल्याचं एकट्याचं नाव लावायची पद्धत होती. तो बाकीच्यांच्या वतीने खातं सांभाळतो, हे दाखवायला ही अक्षरं लिहीत. कुठे ए.कु.पु., कुठे ए.कु.क. असंही सापडतं; पुढारी किंवा कर्ता, अर्थ तोच. म्हणून ‘आजोबांचं नाव कधीच नव्हतं’ हे चुलतभावांचं म्हणणं खरं असलं, तरी त्याने तुमचा हक्क जात नाही. मात्र या तीन अक्षरांवर निकाल लागत नाही. ती जमीन पणजोबांची होती, थोरल्या भावाची स्वकष्टार्जित नव्हती, हे फेरफारावरून, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीवरून, दिसायला हवं.

नावामागे लागण्याआधी नंबराचा माग काढा. आजच्या सातबाऱ्यावर चुलत्यांच्या नावाचे सहा गट निघाले, तर त्यातला तुमचा कोणता हे नावावरून कळणार नाही. ११२/३ गावात ‘नाही’ याचं बहुधा साधं कारण असं, की तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली गावात योजना लागू झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या नंबराचा नवा गट कोणता, हे तलाठ्याकडे नव्हे तर तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमि अभिलेख यांच्या कार्यालयात कळतं. तुमच्यासाठी ते वडूजला. तिथे एकत्रीकरण योजनेचा ९(३), ९(४) चा उतारा मागा. एका बाजूला जुने सर्व्हे नंबर आणि खातेदार, दुसऱ्या बाजूला त्याला मिळालेला गट, असा तो असतो. इथे एक फसगत नेहमी होते. एकत्रीकरणात जमिनींची अदलाबदल झालेली असते. ११२/३ जिथे होता ती जागा आज कुणा तिसऱ्याच्या गटात असू शकते आणि तुमच्या घराला बदल्यात गावाच्या दुसऱ्या टोकाची जमीन मिळालेली असू शकते. जुन्या बांधावर जाऊन भांडण काढलं, की भलत्याच माणसाशी वैर होतं.

गट सापडला की क्षेत्र आणि आकार, म्हणजे जमिनीचा सारा, ताडून पाहा. एकराचे ४० गुंठे, म्हणजे तुमचे ९४ गुंठे. गुंठा साधारण १.०१ आर, तेव्हा ९५ आर, म्हणजे आजच्या उताऱ्यात ०.९५ हेक्टरच्या आसपास. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग, वेगळा दाखवलेला असेल तर तो मिळवून बघा. क्षेत्र मोजणीत थोडंफार हलतं, आकार मात्र सहसा तसाच पुढे येतो. फक्त आण्यांचे पैसे होतात. ३ रुपये ६ आणे म्हणजे ३.३७ किंवा ३.३८. दोन-तीन हिस्से एका गटात गेले असतील तर त्यांच्या आकारांची बेरीज लागायला हवी. ओळख पटवायला आकारासारखा साक्षीदार नाही, आणि तो कुणी विचारत नाही. खात्री हवी असेल तर त्याच कार्यालयातून आकारबंद (क्षेत्र-आकाराचं पत्रक) आणि फाळणी (हिस्से पाडल्याचा) नकाशाही घ्या. गट नंतर फुटला असेल तर कमी-जास्त पत्रक, म्हणजे क.जा.प., तेही तिथेच.

आता नाव. सातबारा ही आजची स्थिती. ती कशी झाली हे फेरफार सांगतो. तुमच्या जुन्या उताऱ्यावर नावाजवळ वर्तुळात किंवा कंसात जे आकडे आहेत ते फेरफार क्रमांक. भिंगाने वाचा आणि एका कागदावर उतरवा. सगळ्यात महत्त्वाचा तो, ज्याने थोरल्या आजोबांचं नाव लागलं. पणजोबा मयत झाल्यावर दिलेल्या वर्दीवरून तो झाला असेल आणि त्यात ‘वारस अमुक व तमुक, पैकी थोरले म्हणून ए.कु.मॅ. नाव दाखल’ अशा अर्थाचा मजकूर निघाला, तर तुमच्या आजोबांचं नाव सरकारी कागदावर आलंच. मग तिथून पुढे एकेक पायरी आजपर्यंत या. एकत्रीकरणाचा फेरफार, चुलते वारल्यावरच्या वारस नोंदी, वाटप, हक्कसोड, खरेदी, सोसायटीचा बोजा, सगळं घ्या. ज्या नावाला कंस झालाय ते त्या फेरफाराने कमी झालं असं समजा.

हे जुने फेरफार आणि सातबारे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. हाताने लिहिलेला सातबारा दर दहा-बारा वर्षांनी नव्या पानावर उतरवला जायचा, त्यामुळे एका उताऱ्याने भागत नाही. प्रत्येक पुनर्लेखनाचं पान हवं. अर्जात ‘जुने रेकॉर्ड मिळावे’ असं मोघम लिहिलंत तर ‘उपलब्ध नाही’ असं मोघम उत्तर येईल. असं लिहा : ‘मौजे अमुक येथील जुना स.नं. ११२ हिस्सा ३, नवीन गट क्र. अमुक, याचे सन १९३० पासून संगणकीकरणापर्यंतचे सर्व हस्तलिखित गाव नमुना ७/१२, संबंधित खात्याचे ८-अ, तसेच फेरफार क्र. अमुक, अमुक यांच्या प्रमाणित नकला मिळाव्यात. नकला करण्यापूर्वी नोंदवह्यांचे निरीक्षण करू द्यावे.’ कोर्ट फी तिकीट लावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. निरीक्षण, शोध आणि नकला यांसाठी १९७० चे नियम आहेत, तेव्हा हे उपकार म्हणून मागायचं नाही. ज्या तालुक्यांचे कागद स्कॅन होऊन चढलेत ते ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या मिळतात. तिथे गाव, नंबर टाकून आधी बघा, फेरी वाचेल. पण स्कॅनमध्ये पानं सुटतात, आणि एका गावाचं पान दुसऱ्याच गावात गेलेलं असतं. तिथे नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका.

१९३० च्या आसपासचं क-ड-ई पत्रक, म्हणजे जमीन आणि कब्जेदारांचं जुनं पत्रक, मिळालं तर जरूर घ्या. पणजोबांचं नाव आणि जमीन जोडायला ते फार उपयोगी. तेवढं जुनं लिखाण मोडीत असतं. कार्यालयाकडून प्रमाणित नक्कल आधी ताब्यात घ्या आणि मग मोडी वाचणारा जाणकार शोधा. उलटं केलंत तर वाचून घेतलेला मजकूर आहे, पण प्रमाणित कागद नाही, अशी पंचाईत होते. खटावमधली काही गावं १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती. तुमचं त्यातलं असेल तर विलीनीकरणाआधीचं दप्तर इतर गावांसारखं सापडेलच असं नाही. अभिलेख कक्षात हे आधीच सांगा, म्हणजे चुकीच्या कपाटात शोध होणार नाही.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, ‘रेकॉर्ड नाही’ म्हणाले ते त्यांच्या सज्जात नाही या अर्थाने खरं असू शकतं. पण तोंडी ‘नाही’ला किंमत नाही. तहसीलनेही टोलवलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, ३० दिवसांत उत्तर. त्यात नुसती प्रत मागू नका. ही नोंदवही कोणत्या तारखेला कोणाकडून अभिलेख कक्षात जमा झाली त्या यादीची प्रतही मागा. कागद हरवला असेल तर ‘शोध घेतला, आढळ होत नाही’ असं सहीशिक्क्याचं पत्र घ्या. मूळ नोंद मिळत नाही म्हणून दुय्यम पुरावा द्यायची वेळ कोर्टात आली तर ते कामी येतं. शिवाय त्याच उताऱ्याच्या नकला इतरत्र पडून असतात. विकास सोसायटीच्या जुन्या कर्जप्रकरणांना सातबारा जोडलेला असतो. कालवा-रस्त्याला जमीन गेली असेल तर भूसंपादनाच्या फाईलमध्ये असतो. चुलत्यांनी कधी दावा लढवला असेल तर त्याच्या कागदांत असतो.

तिसरं ठिकाण म्हणजे दुय्यम निबंधक. खरेदीखत, हक्कसोड, बक्षीस, नोंदलेलं वाटप, यांची खात्री फेरफारावरून नव्हे तर तिथल्या सूची क्रमांक २ वरून, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या मिळकतवार यादीवरून, करायची. साधारण २००२ पासूनचं नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतं. त्याआधीचं कार्यालयात शोधाची फी भरून पुस्तकांत. शोध गाव आणि सर्व्हे नंबरावरून एकदा, गट नंबरावरून एकदा आणि नावावरून एकदा, असा तीनदा घ्या. जुन्या दस्तात जुनाच नंबर असतो, आणि नुसत्या गट नंबराने शोधणाऱ्याला तो दिसत नाही. आणखी एक जागा आहे. २००१ च्या दुरुस्तीपर्यंत मुंबईच्या निबंधकाकडे इतरत्रच्या मिळकतीचे दस्तही नोंदवता येत. थोरल्या आजोबांच्या घरातलं कुणी गिरणीत वगैरे होतं का? असल्यास मुंबईचा शोध टाळू नका.

आता तीन अक्षरांकडे. सगळे सातबारे सालवार मांडा आणि ए.कु.मॅ. शेवटचं कोणत्या पानावर दिसतं ते शोधा. पुढच्या पानावर ते नसेल आणि मध्ये कोणताच फेरफार नसेल, तर ती उतरवून घेणाऱ्याची चूक. अशी लेखनचूक महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्त होते. मात्र एखाद्या फेरफाराने ती अक्षरं किंवा तुमचा हक्क कमी केला असेल, तर १५५ चा अर्ज चालणार नाही. तिथे कलम २४७ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील. मुदत ६० दिवसांची. जुन्या नोंदीसाठी कलम २५१ चा विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागतो, आणि ‘आम्हाला नोटीसच नव्हती’ हे मूळ फेरफारातल्या नोटिशीच्या शेऱ्यावरून दाखवावं लागतं. म्हणून फेरफाराची पूर्ण नक्कल घ्या, त्यात मंडळ अधिकाऱ्याचा शेरा आणि सह्यांचा रकाना हवाच. एकत्रीकरण योजनेतच चूक असेल तर वाट वेगळी, भूमि अभिलेख खात्याची, आणि इतक्या वर्षांनी ती अवघड आहे. तिच्या नादी लागून मुख्य काम लांबवू नका.

कुळकायदाही तपासा. १ एप्रिल १९५७ नंतर ही जमीन कुळाने घेतली असेल तर ती तिथेच घराबाहेर गेली. उलट तुमचं घरच कुळ असेल आणि ३२-म चं (कुळाने जमीन विकत घेतल्याचं) प्रमाणपत्र थोरल्याच्या नावाने असेल, तर ते त्याने कुटुंबासाठी घेतलं का, हा वादाचा मुद्दा होईल.

नोंद दुरुस्त झाली तरी तुमचं नाव आपोआप लागत नाही. आजोबा आणि वडील यांच्या वारसांची वर्दी द्यावी लागेल. आजोबांच्या मृत्यूचा दाखला नसेल तर गाव नमुना १४ ची जन्म-मृत्यू नोंद शोधा. चुलतभाऊ हरकत घेणारच. मग ती तक्रारी नोंद होते आणि मंडळ अधिकारी फार तर कागद बघून निर्णय देतात. मालकी ठरवणं महसूल खात्याचं काम नाही. सातबारा खरा धरला जातो, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. खरा उपाय दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा. वडिलांच्या हिश्शात तुम्ही, भावंडं आणि आई समान वारस. लग्न झालं म्हणून मुलगी वगळली जात नाही.

मुदतीबद्दल सावध राहा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्याला, वगळल्याचं कळल्यापासून १२ वर्षं मिळतात. एका सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांसाठीच मानला जातो, तेव्हा नुसतं ते कसत होते एवढ्याने तुमची मुदत गेली असं होत नाही. पण ‘तुमचा काही संबंध नाही’ हे त्यांनी तुमच्या वडिलांना कधी लेखी कळवलं होतं का, ते ट्रंकेतल्या पत्रांत नीट बघा. आधी वकिलाला दाखवा, चुलतभावांना नव्हे.

विक्रीची बोलणी सुरू आहेत म्हणून आजच दोन कामं करा. गटाचा डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत काढा. त्यावर प्रलंबित फेरफार दिसतो का बघा. आणि ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या फेरफार नोटिसा दर आठवड्याला पाहत जा. नोटिशीनंतर हरकतीला १५ दिवसच असतात. खरेदीखत होऊ घातलंय असं दिसलं तर सगळे कागद जमायची वाट बघू नका. तुमचा १९५५-५६ चा उतारा आणि पहिला वारस फेरफार एवढ्यावरही दावा आणि मनाईचा अर्ज दाखल होऊ शकतो. दावा दाखल होताच लिस पेंडन्सची (या मिळकतीवर दावा चालू असल्याची) नोटीस नोंदवायला वकिलाला सांगा. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस खरेदीदाराला सावध करते, व्यवहार थांबवत नाही.

आणि तो जुना उतारा लॅमिनेट करू नका. शाई दिसते तोवर दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, मूळ कागद पाकिटात ठेवा आणि कार्यालयात फक्त झेरॉक्स न्या.