जर्मन लोकांतलं 'मायर' आडनाव कुठून आलं? स्पेलिंग वेगळं असलं तरी घराणं एकच असतं का?

तुमच्या टीममधले तिघे मायर तीन तऱ्हांनी नाव लिहितात, म्हणून ते एकमेकांचे नातेवाईक आहेत का आणि ज्यू आहेत का, असं तुम्ही विचारलंय. नातेवाईक असण्याची शक्यता फार कमी. ज्यू असतीलही, पण नुसत्या आडनावावरून ते कळत नाही.

मूळ शब्द लॅटिन 'मायोर', म्हणजे मोठा. मध्ययुगात सरदाराच्या किंवा मठाच्या जमिनीवर एक कारभारी नेमलेला असे. शेतं कसून घ्यायची, धान्य वसूल करून मालकाकडे पोचवायचं, हे त्याचं काम. तो मायर. आपल्याला लगेच पाटील आठवतो, पण पाटलाच्या जवळचा खरं तर 'शुल्ट्झ', तो गावचा मुखिया. मायर हा मालकाचा माणूस. पुढे उत्तरेत मोठं शेत खंडाने कसणाऱ्यालाही मायर म्हणू लागले. असा माणूस गावोगावी होताच, त्यामुळे आडनावं रुजली तेव्हा शेकडो गावांत एकमेकांशी संबंध नसलेले मायर तयार झाले. जर्मनीतल्या सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत म्युलर पहिलं, पण मायरही पहिल्या दहात आहे, तेही फक्त ई-वाय (Meyer) स्पेलिंग वाले मोजले तर!

मी दक्षिण जर्मनीत स्टुटगार्टकडे राहतो. इथे फोनवर कुणी मायर म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मिट आ-ई?" म्हणजे ए-आय वाला का? ढोबळमानाने ई-वाय उत्तरेत, ए-आय (Maier) आणि ए-वाय (Mayer) दक्षिणेत, ई-आय (Meier) बऱ्याच ठिकाणी. मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणारा लोथार मायर (जन्म १८३०) उत्तरेकडच्या फारेलचा, तो ई-वाय. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडणारा रोबर्ट मायर (जन्म १८१४) आमच्या जवळच्या हाइलब्रॉनचा, तो ए-वाय. १९७४चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघाचा गोलकीपर सेप मायर दक्षिणेकडच्या बव्हेरियाचा, तो ए-आय. अर्थात लोक गावं बदलतात, त्यामुळे स्पेलिंगवर पैज लावू नका.

मायर फार झाले की ओळखायला पुढे काहीतरी जोडावं लागतं. ओबरमायर वरच्या अंगाचा, नीडरमायर खालच्या अंगाचा, बाखमायर ओढ्याकाठचा. वायव्य जर्मनीतल्या वेस्टफालियात तर आणखी गंमत. तिथे नाव शेताचं असे, त्यामुळे लग्न करून सासऱ्याच्या शेतावर आलेला जावई शेताचंच नाव लावायचा. वंशावळ शोधणारे इथे हमखास अडकतात.

ज्यूंचं म्हणाल तर हिब्रूत 'मेईर' (प्रकाश देणारा) हे पुरुषाचं नाव आहे. अठराव्या शतकाच्या शेवटापासून जर्मन भाषिक राज्यांनी ज्यूंना कायमचं आडनाव घेणं सक्तीचं केलं, तेव्हा अनेकांना 'मायर' हे आडनाव सोयीचं पडलं, कारण कानाला ते जर्मनच वाटतं. इस्रायलच्या पंतप्रधान झालेल्या गोल्डा मेईर आधी मायरसन होत्या. १९५६ मध्ये त्यांनी नावाचं हिब्रू रूप घेतलं.

१८७६ पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंद सुरू झाली आणि स्पेलिंग गोठलं. त्याआधी चर्चच्या वहीत पाद्री कानाला येईल तसं लिही. बाप्तिस्म्याला ए-वाय आणि लग्नात ए-आय असा एकच माणूस सापडू शकतो. म्हणून सहकाऱ्यांना स्पेलिंग विचारण्यापेक्षा आजोबांचं गाव कोणतं ते विचारा.