डीएनए रिपोर्टमध्ये डीआरडी२ (डोपामिनच्या डी२ रिसेप्टरचं जनुक) चा 'ए१' प्रकार निघालाय. म्हणजे मी लठ्ठ होणारच का?

नाही, एकट्या ए१ मुळे वजन वाढतंच असं नाही. रिपोर्टमध्ये आरएस१८००४९७ म्हणून दिसतो तो हाच फरक (गंमत म्हणजे तो बसतो शेजारच्या एएनकेके१ जनुकात!). ए१ वाल्यांच्या मेंदूत, स्ट्रायटममध्ये (आनंद-बक्षिसाची जाणीव हाताळणारा भाग), डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे संदेश पकडणारे डी२ रिसेप्टर कमी आढळतात. २००८ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात तरुण मुलींना एमआरआय चालू असताना चॉकलेट मिल्कशेकचे घोट दिले. घोट घेताना ज्यांचा स्ट्रायटम थंड राहिला (फारसा सक्रिय झाला नाही) आणि ज्यांच्यात ए१ होता, त्यांचं वजन पुढच्या वर्षभरात जास्त वाढलं. पण मुली शंभरसुद्धा नव्हत्या. मोठ्या जनुकीय पाहण्यांत ठळकपणे पुढे आलं ते एफटीओ हे दुसरंच जनुक, आणि त्याच्या जोखीम वाढवणाऱ्या प्रकाराच्या दोन्ही प्रती असलेल्यांचं वजनही सरासरी ३ किलोच जास्त भरतं.